गाभाऱ्याची किल्ली

मी कॉलेजात जपानचा इतिहास शिकवतो आणि वर्गात तो कुणी ऐकत नाही, हे मी कधीच मान्य केलंय. पण मंद्रूपच्या पलीकडे, माझ्या बहिणीच्या ओसरीवर, दाजींनी तरी तो ऐकायला हवा होता.

दाजी म्हणजे सिद्धराम. त्यांच्या वस्तीवरच्या बिरोबाच्या यात्रेत पहिला भंडारा उधळायचा मान त्यांच्या घरचा आणि गाभाऱ्याची किल्ली त्यांच्याच करदोड्याला. गेल्या वर्षी त्यांचा चुलतभाऊ शरणप्पा अचानक म्हणू लागला, मान आमचा. म्हणताना सोबत चार दांडगी पोरंही घेऊन आला. दाजींचं डोकं फिरलं. त्यांनी टेंभुर्णीच्या प्रभुला सांगावा धाडला. हायवेवर गाड्या अडवणं, लोकांच्या जागा रिकाम्या करून देणं, असली त्याची कामं.

हे कळताच मी तणतणत सोलापूरहून गेलो आणि जेवता जेवता दाजींना सांगितलं. जपानच्या राजघराण्यात दोन भाऊ गादीवरून भांडले. मारामारीला त्यांनी तायरा आणि मिनामोतो घराण्यांचे लढवय्ये बोलावले. तोवर हे लोक राजाच्या दारावर पहारा करणारे. भावांचं भांडण मिटलं, पण दारात आलेल्या तलवारी काही परत गेल्या नाहीत. आधी तायरांनी सत्ता बळकावली. मग मिनामोतोंनी तायरांना समुद्रात बुडवलं, त्यांच्यासोबत लहानगा राजाही बुडाला. पुढे गादीवर दुसरा राजा बसला, राज्य मात्र सामुराईंनी केलं.

दाजींनी भाकरी मोडत एवढंच विचारलं, "जिंकलं कोण?"

"मिनामोतो."

"मग झालं की. प्रभु आपला मिनामोतो."

मी भरल्या ताटावरून उठलो. अक्का मागून हाका मारत राहिली.

यात्रेच्या आदल्या दिवशी प्रभुच्या माणसांनी शरणप्पाचा पाय मोडला. त्याची चार पोरं प्रभुकडेच कामाला लागली. दाजींनी गावात पेढे वाटले. यात्रा संपली, पण प्रभु गेला नाही. आधी राखणीच्या नावाखाली देवळात झोपू लागला, मग ट्रस्टचा अध्यक्ष झाला, मग चोरीची भीती सांगून त्यानं गाभाऱ्याचं कुलूपच बदललं. पोलिसांत जावं, तर त्याला बोलावलं कुणी हा पहिला प्रश्न. शरणप्पाला सोबत घ्यावं, तर त्याला तोंड कसं दाखवणार?

यंदा यात्रेला मी गेलो. दाजी नवा फेटा बांधून गाभाऱ्याच्या बंद दाराशी उभे होते. मुठीतला भंडारा घामानं ओला झाला होता. प्रभु बऱ्याच उशिरानं आला आणि वाकून त्यांच्या पाया पडला.

"मामा, मान तुमचाच हाय की. मी म्हणल्यावर टाका फकस्त."

त्यानं दार उघडलं, हातानं खूण केली आणि दाजींनी भंडारा उधळला. लोकांनी चांगभलं केलं. मला तिथं उभं राहवेना.

नंतर लिंबाखाली बसल्यावर दाजी हळूच म्हणाले, "मास्तर, त्या राजाला राज्य माघारी कवा मिळालं?"

जीव तुटत होता. खोटं बोलावंसं वाटलं, पण जमलं नाही.

"जवळजवळ सातशे वर्षांनी, दाजी."

करदोड्याची जुनी किल्ली त्यांनी सदऱ्याच्या टोकानं पुसली आणि पुन्हा आत सरकवली.