सांगायची रीत

डॉक्टर कल्याणराव टोपी हातात घेऊन आपल्या ओसरीवर उभे आहेत, हे केशरबाईंनी माजघरातून पाहिलं. त्यांनी मुद्दाम सुपातलं धान्य निवडून संपवलं, तांब्याभर पाणी प्यायल्या, पदर सारखा केला आणि मग सावकाश बाहेर आल्या. वर्षभर ज्याची वाट पाहिली तो आपल्या पायांनी चालून आला होता. आता घाई कशाला?

गेल्या साली मानमोडीच्या तापाची साथ आली, तेव्हा केशरबाईंची एकुलती एक लेक गंगासागर वडवणीच्या सरकारी दवाखान्यात तापानं फणफणत पडली होती. बाहेर गर्दीत केशरबाई बसलेल्या. दुपारी डॉक्टर दारात आले, हातात फोडलेलं सीताफळ. एक बी थुंकून म्हणाले, "ती पाटलाची पोरगी मेली. गाडी आणलीय का? मग न्या लवकर, खाट रिकामी पाहिजे." आणि पुढचा घास घेतला.

पोरगी नेली म्हणून केशरबाईंनी देवाला बोल लावला. पण ते सीताफळ काही देवानं खाल्लं नव्हतं.

दीर आश्रुबा तेव्हाच म्हणाले होते, "वैनी, तुमी फकस्त व्हय म्हना. माजलगावच्या वाटंला गाठतो आन् हाडं सैल करतो बेट्याची."

"वळ चार दिसांत जात्यात," केशरबाई म्हणाल्या होत्या. "मला न जानारं कायतरी पायजे."

त्या गप्प बसल्या, पण लोक बसले नाहीत. मरायचंच तर घरी मरू, असं म्हणून कुणी दवाखान्याची पायरी चढेना. रिकाम्या दवाखान्याला सरकार किती दिवस पोसणार? वरून हुकूम आला: दिवाळीपर्यंत रोगी आले नाहीत तर दवाखान्याला कुलूप आणि डॉक्टरला घरचा रस्ता. नवऱ्याच्या माघारी पाटलाचं घर केशरबाईच चालवत. त्यांनी शब्द टाकला तर गाव येईल, हे कल्याणरावांना कुणीतरी सुचवलं होतं.

"बाई, लोकांना जरा समजवा," ते म्हणाले. "औषधं नुसती पडून आहेत."

"लोक येतील. पर तुमाला बोलाया येत न्हाई, ते शिकावं लागंल. हितं माझ्या अंगनात, बाजाराच्या दिशी, समद्यांच्या म्होरं."

"काय बोलायला शिकू?"

"माझी लेक गेली, हे मला परत सांगा. नीट येईस्तोवर."

कल्याणरावांचा चेहरा पडला. पण अडला हरी! बाजाराच्या दिवशी ते आले. अंगणात गाव जमलेलं. ते उभ्यानंच म्हणाले, "आपली मुलगी वारली."

"बसा आधी. उभ्यानं हुकूम देत्यात," केशरबाई म्हणाल्या. "आन् तिला नाव हुतं."

नाव डॉक्टरांना आठवेना. "साथ होती बाई, किती माणसं... मी रात्रंदिवस झोपलो नव्हतो."

"दमला व्हता, खरं हाय. पर सीताफळ फोडायला ताकद व्हती."

अंगण खदखदून हसलं. ते हसू केशरबाईंना तूपभातासारखं गोड लागलं. "जा," त्या म्हणाल्या. "पुढल्या बाजारी या."

पुढल्या बाजारी त्यांनी नाव घेतलं, पण जमिनीकडे बघत. मग एकदा घाईघाईत, पाठ केल्यासारखं सांगितलं. मग एकदा बरं सांगितलं आणि लगेच टोपी उचलून उठले.

"बसा!" केशरबाई कडाडल्या. "सांगनाऱ्यानं आधी उठायचं नसतंय. ज्याचं मानूस गेलं, ते उठल्यावरच उठायचं. ही रीत हाय."

डॉक्टर रिकाम्या दवाखान्यात एकटेच पुटपुटत फिरतात, अशी बातमी आश्रुबांनी आणली, त्या दिवशी केशरबाई एक भाकरी जास्त जेवल्या. त्यांना डॉक्टर सुधारायचा होता असं कुणी समजू नये. त्यांना तो सोलायचा होता. प्रत्येक वेळी लेकीचं नाव ऐकून पोटात कळ यायची, पण ती कळही त्या चवीनं गिळत.

सीताफळं पिकली. त्या बाजारी कल्याणराव आले ते खाली बसले. "बाई, आश्रुबांना जवळ बसू द्या," असं आधी म्हणाले. मग केशरबाईंच्या डोळ्यांत बघून हळू बोलले, "गंगासागरचा ताप मला उतरवता आला नाही. शेवटी तिनं पाणी मागितलं. मी पाजलं. आईला आत बोलवा म्हणाली. मी बोलावणार होतो, तेवढ्यात... ती गेली, बाई."

हे केशरबाईंना ठाऊक नव्हतं.

"माझं नाव घेतलं तिनं?" त्यांचा आवाज फाटला. "आन् वर्सभर हे कावून न्हाई सांगितलं?"

"मला वाटलं," कल्याणराव म्हणाले, "सांगून काय फरक पडतो."

केशरबाईंनी हंबरडा फोडला. वर्षभर न फुटलेलं रडू ते. समोर कल्याणरावही तोंड झाकून हमसत होते. कितीतरी वेळानं केशरबाईंनी डोळे पुसले, आतून पिकलेलं सीताफळ आणलं, फोडून त्यांच्यापुढे ठेवलं.

"खावा."

कल्याणरावांनी हात पुढे केला. पण त्यांना ते उचलवेना.

"आता जलमभर न्हाई जायाचं घशाखाली," केशरबाई शांतपणे म्हणाल्या. "शिकला तुमी." आणि त्या उठल्या.

आपली सुटका झाली असं समजून कल्याणरावांनी टोपी उचलली. तेवढ्यात गर्दीतून कडूबाई पुढे आली आणि केशरबाईंच्या रिकाम्या जागेवर बसली. तिचा लेकही त्याच साथीत, त्याच दवाखान्यात गेला होता.

"डागदर," ती म्हणाली, "आता माझ्या सटवाचं सांगा."

तिच्यामागे आणखी बाया, बापे सरकून बसले. कल्याणराव अर्धवट उठलेले, ते पुन्हा खाली टेकले. आधी उठायचं नसतं, हे आता त्यांना पक्कं ठाऊक होतं. आणि अंगणात कुणीच उठत नव्हतं.