दहाव्या प्रश्नाला माझं उत्तर

मी मथुरा. तीस वर्षं वर्सोव्याच्या बाजारात मासळी विकते. माशाचा कल्ला न उचलता सांगते, तो आजचा की कालचा. मला कोण काय शिकवणार? म्हणून बाळाला डोस द्यायला गेलो तेव्हा नर्सने माझ्या सुनेला, दिपालीला, अंधेरीच्या मनाच्या दवाखान्यात जायला सांगितलं, तर माझं डोकंच फिरलं. पोर दीड महिन्याचं, गुटगुटीत. हिला काय धाड भरलीय? दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडते. लाड, दुसरं काय!

तिथली श्रुतिका मॅडम माझ्या पोरापेक्षा, कृणालपेक्षाही लहान. म्हणाली, "मावशी, जरा बाहेर बसता?"

"हलणार नाय. माझी सून आहे."

मॅडमने दिपालीकडे बघितलं. ती पुटपुटली, "बसू दे त्यांना."

कागदावर दहा प्रश्न. मॅडम वाचायची, आणि दिपालीने तोंड उघडायच्या आत मी उत्तर द्यायची. हसू येतं? "येतं की!" उगाच भीती वाटते? "छे!" रडू येतं? "आमच्या घरात कोणी रडत नाय." दहाच्या दहा उत्तरं मी दिली. दिपाली ओढणीचं टोक पिळत बसलेली.

मॅडम चिडली नाय. तिने दुसरा कोरा कागद घेतला. "मावशी, आता तुमचा. कृणाल झाला तेव्हा कसं होतं?"

मला हसूच आलं. बत्तीस वर्षं झाली त्याला! "विचार," म्हटलं. पहिल्या चार प्रश्नांना मी तोऱ्यात होते. पाचव्याला तोरा उतरला. ह्या कागदाला कसं कळलं? बाळंतपणातला शेगडीचा धूर, बांधलेले कान, सगळं आठवलं. कुशीतलं पोर परक्याचं वाटायचं, तेही ह्याला ठाऊक! बाई गं, कोणीतरी हे लिहून ठेवलंय, म्हणजे माझ्यासारख्या आणखी होत्या.

दहावा प्रश्न. "स्वतःचं काही बरंवाईट करावं, असं मनात आलं होतं?"

बाजारात पोलिसाचंही न ऐकणारी मी, मांडीवरच्या नातवंडाला जवळ ओढलं.

"गेले होते," मी म्हणाले. "कृणालला घेऊन, मढच्या बोटीच्या धक्क्यावर. भरती होती. तो रडला, म्हणून परत फिरले. कोणाला सांगितलं नाय. कोणी विचारलंच नाय."

दिपालीने माझ्याकडे बघितलं. मग तिने हात पुढे करून आपला कागद ओढून घेतला.

"मॅडम, यातलं एकपण उत्तर माझं नाय. दहावं आधी विचारा."

मॅडमने विचारलं.

"हो," दिपाली म्हणाली. "कालपण. त्याच धक्क्यावर."

मी एका हाताने पोराला छातीशी धरलं, दुसऱ्याने तिचं मनगट. मॅडमने पुन्हा पहिल्यापासून सगळं विचारलं. दिपाली हळूहळू बोलत गेली, आणि ती थांबेपर्यंत मी तोंडातून एक शब्द काढला नाय.