लाल चवड्याचा मोजा

मी बळीराम पाटलांच्या डाव्या पायाचा मोजा बोलतोय. उजव्या पायाचा माझा भाऊ आहे, पण आम्ही एकमेकांसारखे दिसत नाही. माझा चवडा लालभडक, त्याचा निळा. का, ते सांगतो. त्यात आमच्या फ्लॉसीबाईंची चूक आहे आणि माझं सगळं भाग्यही.

फ्लॉसीबाई निर्मळ गावात बळीरामच्या वाडीला लागूनच राहतात. त्यांचा मुलगा लुईस बोटीवर नोकरीला. २००३ साली सुट्टीवर येताना त्याने जर्मनीहून लोकरीचा एक गुंडा आणला, तोच मी. बाईंनी विणायला घेतलं तर काय, लाल टाके घालता घालता पिवळे आले, मग हिरवे, मग निळे! "अगो बाय, हा धागा आपल्या मनानेच रंग बदलतोय!" त्या ओरडल्याच.

आता बाईंची खोड अशी, की स्वेटरच्या दोन बाह्या त्या नेहमी बरोबरीने विणत. एक बाही गुंड्याच्या बाहेरच्या टोकाने, दुसरी आतल्या टोकाने, म्हणजे लोकर कमी पडली तरी दोघींना सारखीच पडेल. एकरंगी लोकरीत हे खपून जायचं. आम्हा मोज्यांनाही त्यांनी तसंच विणलं, आणि रंग एकाला सुलटे आले, दुसऱ्याला उलटे. बाईंनी कपाळावर हात मारला आणि उसवायला सुई उचलली. माझा तर जीवच गेला!

तेवढ्यात बळीरामची बायको कमळी आली. दोन महिन्यांपूर्वी बळीरामला अर्धांगाचा झटका आला होता. आता उभा राहायचा, पण डावा पाय फरफटायचा. चप्पल पायात राहीना, अनवाणी चालला की अंगणात बोटं सोलून रक्त यायचं. बोटं वाचावीत म्हणूनच तर मोजे विणायला घेतले होते.

"डावा उचला म्हटलं की उजवा उचलतात, फ्लॉसीबाय," कमळी म्हणाली. "आपल्याला डावा पाय हाय, हेच इसरतात." मग तिची नजर आमच्यावर गेली. "उसवू नका. असेच द्या."

बळीराम भडकला. "मी काय शाळेतला पोर हाय मोजे घालाया? जल्मभर अनवानी चाललो!" कमळीने ऐकून घेतलं आणि मला त्याच्या पायात चढवलं. आत लादीवर पाय सरकायचा, म्हणून रोज सकाळी सारवलेल्या अंगणात चालणं. "ओ, लाल उचला! आता निळा! परत लाल!" बळीराम खाली बघायचा. माझ्यासारखा भडक मोजा विसरणार कोण? मग कुठे त्याला पायाची आठवण यायची.

पण आठवण येणं वेगळं आणि पाय उचलला जाणं वेगळं. मी घासत राहिलो. आठवड्यात पुढे भोक पडायचं. दर रविवारी चर्चमध्ये मिस्सा आटोपून फ्लॉसीबाई सुई घेऊन येत आणि उरलेल्या लोकरीने मला रफू करत. हाताला येईल तो रंग लावत, म्हणून माझ्या लाल चवड्यावर हिरवे-पिवळे ठिपके आहेत. मला त्यांचा फार अभिमान वाटतो.

बळीरामच्या मनात एकच होतं, नाताळ. तीस वर्षं तो नाताळच्या सकाळी सुकेळ्यांची, म्हणजे उन्हात सुकवलेल्या केळ्यांची, पुडी घेऊन स्वतः बाईंच्या दारात जात आला होता. "औंदा भूपेशला धाडू," कमळीने लेकाचं नाव काढलं, तर बळीराम दिवसभर जेवला नाही. "मी नाय गेलो तर तो नाताळ नाय," एवढंच बोलला.

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी फ्लॉसीबाईंनी सुईत धागा ओवला आणि मला हातात घेतलं. उलटं केलं, सुलटं केलं, उजेडात धरलं.

"कमळे, भोक कुठंय?"

भोक नव्हतंच! मला आठ दिवस ठाऊक होतं. बळीराम पाय उचलत होता, थोडाच, पण उचलत होता. सांगायला तोंड असतं तर गावभर ओरडलो असतो. कमळी डोळ्यांना पदर लावून हसत होती.

नाताळच्या सकाळी बळीराम निघायला म्हणून पायरीवर बसला आणि त्याने आम्हा दोघांना पायातून काढलं. मला वाटलं, झालं, संपलं आपलं! पण त्याने आम्हाला सदऱ्याच्या खिशात कोंबलं आणि अनवाणी निघाला, काखेत सुकेळी, मागे कमळी. ती पुटपुटत होती, "लाल... निळा..." रंग खिशात होते, तरी पाय ऐकत होते. वाटेत तो दोनदा थांबला. पडला नाही.

"बळीरामभाऊ!" फ्लॉसीबाई फाटकापर्यंत धावत आल्या. त्याने पुडी दिली, मग मला खिशातून काढून त्यांच्या हातात ठेवलं. "पाय बघ, फ्लॉसी. कुठं सोलला हाय का?"

बाई चक्क खाली वाकून बघू लागल्या. बोटांना धूळ होती, रक्त नव्हतं.

त्याला सहा वर्षं झाली. बाईंनी मला तेव्हाच परत दिलं; मी आता कमळीच्या कपाटात असतो, भावाच्या शेजारी. नाताळला मात्र बळीराम मला अजून खिशात घालून नेतो. तुम्हाला एकच विनवणी. घरात एखादी जोडी जुळली नाही, तर उसवायच्या आधी जरा थांबा. मला उसवलं नाही, म्हणून मी एका माणसाच्या पायाच्या उपयोगी पडलो.