मुद्दा अकरा

शाळा उघडायला आठ दिवस उरले होते. मुख्याध्यापकांनी चहाचा कप खाली ठेवता ठेवता सांगून टाकलं, "बाई, हे चार पानी पत्र या सत्रापुरतंच. पुढच्या वेळेपासून पालकांच्या फोनवर दोन ओळींचा मेसेज. चार पानं वाचतं कोण?"

सूचनाबाईंनी समोरची फाईल मिटली. त्यांचं खरं नाव पगारपत्रकावर असेल, पण पोरांपासून शिपायापर्यंत सगळे त्यांना सूचनाबाईच म्हणत. शाळेच्या कार्यालयात त्या अठरा वर्षं कारकून होत्या आणि दर सत्राच्या सुरुवातीला पोस्टाने घरोघरी जाणारं पत्र त्याच लिहीत. फाटक किती वाजता बंद होणार, गैरहजेरीची चिठ्ठी कुणाकडे द्यायची, प्रयोगशाळेत केस मोकळे का सोडायचे नाहीत, गणिताच्या नव्या बाई कशा आहेत, हे सगळं त्या समोर बसून सांगितल्यासारखं लिहीत. निदान त्यांचा तरी तसा समज होता.

आधी राग आला. पण घरी जाऊन भाजी चिरायला बसल्या तोवर राग ओसरला आणि त्याच्या जागी सरांचा प्रश्नच येऊन बसला. खरंच, वाचतं कोण? अठरा वर्षांत छत्तीस पत्रं गेली आणि 'वाचलं बरं का' म्हणून एकानेही कधी सांगितलं नव्हतं. फोन यायचे ते 'शाळा सुटते किती वाजता' असे, आणि ते तर पहिल्याच पानावर ठळक छापलेलं असायचं. आपण पालथ्या घड्यावर पाणी ओततोय का, हे पत्र बंद होण्याआधी एकदा कळायलाच हवं, असं त्यांनी ठरवलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तिसऱ्या पानावर, हरवलेल्या छत्र्या आणि सायकलींची कुलुपं यांच्या मधोमध, एक मुद्दा घातला. 'अकरा. येथपर्यंत वाचणाऱ्यांनी एक बटण पाकिटात घालून, पाकिटावर स्वतःचे नाव लिहून, शाळा सुरू झाल्यावर पहिल्या शुक्रवारपर्यंत कार्यालयात पाठवावे.' कारण वगैरे काही दिलं नाही.

सर नेहमीप्रमाणे फोनवर बोलत होते. बाईंनी नेहमीप्रमाणे शेवटचं पान वर करून पुढे धरलं. सरांनी नेहमीप्रमाणे सही ठोकली.

चारशे सोळा पाकिटं पोस्टात पडली आणि मग बाईंच्या मनात आलं, एकही बटण आलं नाही तर? सरांचं म्हणणं आपणच पुराव्यानिशी सिद्ध करून दिल्यासारखं होणार. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

शाळा उघडली त्या सोमवारी काही आलं नाही. मंगळवारी तीन पाकिटं आली. बाईंनी बिस्किटांचा रिकामा डबा टेबलावर ठेवला आणि त्यात बटणं टाकली, तर ती डब्याच्या तळाशी इतकी केविलवाणी दिसू लागली की त्यांनी झाकण लावून टाकलं. बुधवारी मात्र अकरा आली. आता बाईंना कामात लक्ष लागेना. कोण कोण आहे हे बघायची अशी काही गोडी लागली, की दार वाजलं की त्यांची मान आधी वर व्हायची. शाळेच्या नावाने सतत खडे फोडणारे वकीलसाहेब गायब होते. उलट जी आई पालकसभेला एकदाही फिरकली नव्हती, तिने ओव्हरकोटाचं जाडजूड तपकिरी बटण पाठवलं होतं, दोरा अजून लोंबत होता. एका बेकरीवाल्याने पाकिटावर लिहिलं होतं, 'कारण कळल्यास बरे होईल, घरात पैज लागली आहे.' एका मुलीच्या दोन मावश्यांनी दोन वेगळी पाकिटं पाठवली होती, बहुधा एकमेकींना न सांगता.

शुक्रवारी दुपारपर्यंत एकतीस झाली. तेवढ्यात सर कार्यालयात आले.

"बाई, आत्ता एका पालकांचा फोन होता. दोन भोकांचं बटण चालेल की चारच लागतात, असं विचारत होत्या. मला वाटलं थट्टा करतायत. ही काय भानगड आहे?"

"मुद्दा अकरा, सर."

"कशातला?"

"पत्रातला."

सरांनी टेबलावरची प्रत उचलून उभ्या उभ्या तिसरं पान वाचलं. मग शेवटचं पान उलटून स्वतःची सही पाहिली. बराच वेळ पाहिली.

"तुम्ही मला सांगितलं नाहीत."

उत्तर बाईंच्या जिभेवर होतं. पण आपलेच दात, आपलेच ओठ. त्यांनी डब्याचं झाकण काढून तो पुढे सरकवला.

"एकतीस आली," त्या म्हणाल्या.

"चारशे सोळांत एकतीस." सरांचा आवाज चढला नाही, ते जास्त लागलं. "म्हणजे माझंच खरं ना, बाई?"

हिशेबाने खरंच होतं. बाईंना फार वाईट वाटलं, आणि ते लपवायला त्या उगाच स्टेपलर उघडून त्यात पिना आहेत का ते बघू लागल्या.

दारात एक म्हातारे गृहस्थ येऊन उभे राहिले. जिना चढून धाप लागली होती. त्यांनी खिशातून पाकीट काढलं, त्यावर नाव लिहिलंय ना याची खात्री केली आणि टेबलावर ठेवलं.

"मुद्दा अकरा," ते म्हणाले. "पाठवायला घरात कोणी नाही, म्हणून स्वतःच आलो. आणि मुद्दा चारबद्दल विचारायचं होतं. गेल्या सत्राच्या पत्रात लिहिलं होतं, जिन्याचा कठडा सुट्टीत पक्का करू. या पत्रातही तेच लिहिलंय. मी येताना हलवून बघितला. वरून तिसऱ्या पायरीपाशी चांगलाच हलतोय. मी जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या, मला हाताला कळतं."

सरांनी हातातलं पत्र मागे उलटून मुद्दा चार शोधला.

"मुलगा कुठल्या वर्गात आहे आपला?" बाईंनी विचारलं.

"नात. नववीत असती आता."

बाईंनी हजेरीपट चाळला. नाव नव्हतं. मग पत्त्यांची यादी काढली, तिच्यात होतं. म्हातारबाबा खाली बघत म्हणाले, "तीन वर्षं झाली, ती आईबापांबरोबर परगावी गेली. तुमच्या यादीतून नाव काढायचं राहिलं असणार. मीही कळवलं नाही. कळवलं असतं तर पत्र बंद झालं असतं." मग त्यांनी विचारलं, "गणिताच्या बाई रुळल्या का? गेल्या वेळी तुम्ही लिहिलं होतं, आवाज बारीक आहे पण समजावतात छान."

"रुळल्या," सूचनाबाई म्हणाल्या. इतकी वर्षं समोर बसून सांगितल्यासारखं लिहीत होत्या, तर समोर हा माणूस बसला होता.

"आता कळलंय तर नाव काढाल ना?" म्हातारबाबांनी विचारलं.

बाईंनी सरांकडे पाहिलं. सरांचं लक्ष पत्रात होतं. ते मुद्दा चार दुसऱ्यांदा वाचत होते.

"चला," ते म्हाताऱ्यांना म्हणाले, "कुठे हलतोय ते दाखवा मला."

दोघं जिन्याकडे गेले. लोखंड खडखडल्याचा आवाज कार्यालयापर्यंत आला, एकदा आणि मग पुन्हा एकदा, जोरात.

सोमवारी वेल्डर आला. त्याच सकाळी बाईंच्या टेबलावर तेहेतिसावं पाकीट होतं. मुदत उलटून गेली होती, तरी त्यांनी ते उघडलं. आत कोटाच्या बाहीचं काळं बटण होतं. पाकिटावर नियमाप्रमाणे मुख्याध्यापकांचं नाव होतं आणि खाली लिहिलं होतं, 'पुढचे पत्र सहीसाठी दोन दिवस आधी द्यावे. वाचायला वेळ लागतो.'

त्या दिवशी सर प्रार्थनेला उभे राहिले तेव्हा त्यांच्या उजव्या बाहीवर नुसता दोरा होता. पोरांनी तो बघितला आणि त्यांच्यात खसखस पिकली.

पुढच्या सत्राचं पत्र लिहायला अजून पाच महिने होते. पण सूचनाबाईंनी जेवणाच्या सुट्टीत एक कोरा कागद घेतला, वर 'प्रिय पालकहो' लिहिलं, आणि जरा विचार करून 'पालकहो'च्या पुढे 'आणि आजोबा' असं जोडलं. मग त्यांनी पहिला मुद्दा लिहिला.

'एक. जिन्याचा कठडा पक्का केला आहे. ज्यांनी विचारले होते त्यांनी येऊन हलवून पाहावा.'