डावा दांडा

गाडीखाली उताणा पडून शेषराव हातब्रेकची तार कापत होता, तेव्हा त्यातून मिळायचं काय हे त्याच्या डोक्यात पक्कं होतं. पंचमीला शालूबाई त्याच्या गाडीतून उतरणार, आणि गुलाबरावची जीप ते बघत उभी राहणार. यापलीकडे त्याला काही नको होतं. एवढ्यासाठी धडधाकट गाडीची तार कापायची, हे कुणाला सांगितलं असतं तर महागच वाटलं असतं. म्हणून त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं.

शालूबाई त्याची सख्खी बहीण, त्यांच्या डोणगावपासून दोन कोसांवर दिलेली. गुलाबराव चुलतभाऊ, नव्या पंचायत समितीचा सभासद. श्रावणात मधली काळ्या रानातली चिखलाची वाट ओलांडायची ताकद एकट्या गुलाबरावच्या जीपमध्ये होती, त्यामुळे दरसाल सख्ख्या भावाची बहीण चुलतभावाच्या गाडीतून माहेरी यायची. शिवाय उतरताना म्हणायची, गुलाबदादाची जीप म्हणजे पाळणाच. शेषरावला ते वाक्य नेमकं जेवताना आठवायचं.

तसं पाहिलं तर शेषरावच्या गाडीसारखी गाडी आसपास कुठं नव्हती. खामगावच्या एका जिनिंगवाल्याकडून घेतलेली, लाल, उघडी, बुटकी, दोन माणसांची. सडकेवर ती जीपला पार मागं टाकायची. चिखलात मात्र तिचं मागचं एक चाक गरागरा फिरायचं आणि दुसरं रुसलेल्या जावयासारखं बसून राहायचं. शेषरावनं हे पुष्कळदा खाली वाकून निरखलं होतं. फिरणाऱ्या चाकाला कुणी धरून ठेवलं, तर जोर बसलेल्याकडे जाणारच. म्हणून त्यानं एका हातब्रेकचे दोन केले. उजव्या चाकाची तार उजव्या दाराशी, डाव्या चाकाची डाव्या दाराशी. दोन्हींना लोखंडी दांडे, आणि मुठीला मोडक्या नांगराच्या रुमण्याचं लाकूड.

"डावा दांडा इतका दूर काऊन लावला?" झुंबरबाईनं, त्याच्या बायकोनं, विचारलं.

"डाव्या बैलाचा कासरा डाव्याच अंगानं येते," शेषराव म्हणाला.

ती काहीतरी बोलणार होती. मग तिनं पदर खोचला आणि डाव्या बाजूच्या सीटवर जाऊन बसली.

वावराच्या बांधाशी त्यांनी सराव केला. तो 'डावा' म्हणून ओरडायचा, ती दांडा ओढायची. पुढंपुढं तो ओरडायच्या आतच ती ओढायला लागली. चाक सुटलं की बसल्या जागी कळते, असं तिचं म्हणणं. शेषरावला ते फारसं रुचलं नाही, पण गाडी चिखलातून निघत होती.

पंचमीच्या आदल्या दिवशी दोघं बहिणीला आणायला निघाले. झुंबरबाईनं नवं हिरवं लुगडं नेसलं होतं. गाडी घसरली, तिरपी झाली, पण थांबली नाही. मागून, न बोलावता, गुलाबरावची जीप येत होती. दादा फसला तर काढायला कुणी पाहिजे न, असं तो गावात सांगून निघाला होता.

शालूबाईच्या अंगणात गाडी उभी राहिली आणि मग शेषरावच्या ध्यानात आलं ते. सीटा दोन. दोन्ही भरलेल्या.

शालूबाईच्या सासूनं डोळ्यांनीच जागा मोजल्या. "मंग तुमच्या घरच्या या सुनेले पंचमीले आमच्याकडं ठेवून जाता का, बाप्पा?"

सगळे हसले. गुलाबरावनं जीपच्या सीटवर हात फिरवला.

"वहिनी, इकडं बसा. पाळणाच हाये."

शेषरावचा चेहरा पडला. झुंबरबाईनं तो एकदा पाहिला, नणंदेला आपल्या जागी बसवलं, तिची पेटी जीपमध्ये टाकायला लावली, आणि स्वतः डाव्या फुटबोर्डावर उभी राहिली. एक हात काचेच्या चौकटीला, एक दांड्यावर.

ओढ्याच्या चिखलात चाक सुटलं. तिनं दांडा ओढला. चाकानं उडवलेला सगळा काळा रेंदा तिच्या अंगावर आला, पण गाडी वर चढली. शालूबाई कोरडीच्या कोरडी.

गावात शिरताच दारोदारच्या बाया पुढं आल्या. माहेरवाशिणीला विचारायचं ते केसरबाईनं विचारलं, "कोनं आणलं व बाई?"

शेषराव रुमालानं तोंड पुसत उभा होता. पुसायचं काही उरलं नव्हतं, तरी पुसत होता.

"वहिनीनं," शालूबाई म्हणाली.

जीपमधून उतरलेल्या गुलाबरावनं गाडीभोवती एक फेरी मारली, डावा दांडा हलवून पाहिला. शेषरावला जे बघायचं होतं ते सगळं आज गुलाबरावच्या तोंडावर आलं होतं. फक्त तो शेषरावकडे नाही, झुंबरबाईकडे बघत होता.

पंचमीला चिरणं-कापणं करायचं नसतं, म्हणून तो दिवस शेषरावनं हात बांधून काढला. पुरणाचं दिंडसुद्धा त्यानं अर्धंच खाल्लं. दुसऱ्या दिवशी उजाडताच पाना घेऊन तो डाव्या दांड्याशी बसला. तो उपटून आपल्या हाताशी आणायचा होता. पलीकडे झुंबरबाई हिरव्या लुगड्यावर पुन्हा पाणी ओतत होती. तिचे तळहात सोलले होते.

"कासरे दोन असतेत," ती सहज म्हणाली, "पण धरणारा एकच असते. दांडा लावला त्याच दिवशी म्हणणार होती मी."

पाना थांबला. "मंग म्हटलं काऊन नाही?"

"मंग मले कोनं नेलं असतं?"

बोल्ट अर्धा सैल झाला होता. शेषराव त्याच्याकडे बघत बसला. शालूबाई कोरडी आली होती, जीप नुसती पेटी घेऊन परतली होती, गावात नाव झालं होतं. या सगळ्याची किंमत भरली ती एका लुगड्यानं. काळ्या रानाचा डाग निघत नसतो. आणि जिचं लुगडं, ती तर ते पिळताना गुणगुणत होती. तिला काही महाग पडल्यासारखं दिसत नव्हतं.