इथलं इथेच

मित्रांनो, मी एक जुनं दार आहे. साधंसुधं नाही हं, मनाच्या डॉक्टरांच्या खोलीचं. सुताराने मला दुहेरी फळ्या बसवल्या, मध्ये कापूस ठासला आणि जाताना म्हणाला, "आत कुणी टाहो फोडला तरी बाहेर चिटपाखराला कळणार नाही." भिंतींना कान असतात म्हणतात. मला कान आहेत, तोंड नाही. आज मात्र राहवत नाही.

डॉक्टरांची एक सवय होती. पेशंट बसला की मला लावून घ्यायचे, दोनदा थोपटायचे आणि म्हणायचे, "दार जाड आहे. इथलं इथेच." मग माणसं मोकळी व्हायची. थोरामोठ्यांना ढसाढसा रडताना मी पाहिलं आणि कुणाचा एक हुंदका बाहेर जाऊ दिला नाही. लोक माझं कौतुक करायचे. मला फार अभिमान वाटायचा.

एकदा एका मोठ्या इस्पितळाने आपल्या भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंना इथे पाठवलं. ऑपरेशनच्या खोलीतलं यंत्र बिघडलंय, त्यावर मी भूल देणार नाही, असं त्या सगळ्यांसमोर बोलल्या होत्या. यंत्र तपासायचं सोडून इस्पितळाने बाईंचं डोकं तपासायला पाठवलं. चोर सोडून संन्याशाला सुळी, दुसरं काय!

त्या दिवशी डॉक्टरांनी आधी सांगायला हवं होतं, की बाई, आज मी तुमचा डॉक्टर नाही. तुम्ही बोलाल ते इस्पितळाला कळवणार आहे. पण हात सवयीने माझ्याकडे वळला. "दार जाड आहे. इथलं इथेच."

बाईंनी विश्वास ठेवला. म्हणाल्या, "आई गेल्यापासून सकाळी गाडीत बसून रडते. मग तोंड धुते आणि कामाला लागते. काम कधी चुकलं नाही."

पुढच्या आठवड्यात इस्पितळाचे व्यवस्थापक येऊन बसले.

"बाई ठणठणीत आहेत," डॉक्टर म्हणाले.

"रोज रडतात, असं तुम्हीच फोनवर म्हणालात ना? तेवढंच लिहा. आमची माणसं पुढेही तुमच्याकडेच पाठवायची आहेत."

डॉक्टरांनी तेवढंच लिहिलं. बाईंची नोकरी गेली. यंत्र तिथेच राहिलं.

बाई पुन्हा आल्या, तेव्हा बसल्या नाहीत. माझ्यावर हात टेकून उभ्या राहिल्या.

"मी तुमचा डॉक्टर नव्हतो, बाई," डॉक्टर खाली मान घालून म्हणाले. "त्यांनी पाठवलं होतं तुम्हाला."

"हे दार लावण्याआधी सांगायचं होतंत."

मित्रांनो, तोंड असतं तर मी काय काय बोललो असतो! इतकी वर्षं मी कुणाचा उसासाही बाहेर सोडला नाही, आणि माझ्या नावाने दिलेला शब्द एका फोनवर विकला गेला. अजूनही मला चीड येते.

आता माझा रंग उडालाय, बिजागऱ्या कुरकुरतात. तेल नाही घातलंत तरी चालेल. पण कुणी तुमच्यापुढे मन उघडायला बसलं, तर आधी सांगा, तुम्ही कुणाच्या बाजूने ऐकताय.

काल त्याच इस्पितळातली एक परिचारिका आली होती. डॉक्टर सवयीने मला लावायला उठले.

"राहू द्या, डॉक्टर," ती म्हणाली. "उघडंच बरं आहे. कोण ऐकतंय ते दिसतं तरी."