मधला आठवडा

"फोन हालवू नको वं, दृष्ट निसटते," मथुराबाई म्हणाल्या.

प्रेरणाने मोबाइल दोन्ही हातांनी घट्ट धरला. पडद्यावर तिचा नवरा कपिल होता, गोव्यातल्या हॉटेलच्या पलंगाला टेकून बसलेला. पडद्यापुढे सासूबाईंची मूठ होती. मुठीत मीठ, मोहरी आणि सात लाल मिरच्या. मूठ तीनदा उजवीकडून फिरली, तीनदा डावीकडून, आणि मग चुलीत रिकामी झाली. ठसका कोणालाच लागला नाही. म्हणजे दृष्ट जबर होती, असं मथुराबाईंनी जाहीर केलं. बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरी असलेल्या घरात हे असलं चालायचं नाही, हे बबनरावांनी चाळीस वर्षं बायकोला सांगून पाहिलं होतं. आज तेही खाटेवर बसून नुसते हसत होते. काल संध्याकाळपासून ते हसतच होते.

"बाबाले मॅच दिसली ना बरोबर?" कपिलने विचारलं.

बबनराव मोठ्यांदा म्हणाले की पहिल्या मिनिटापासून शेवटच्या शिटीपर्यंत पाहिली, शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलावून पाहिली. मग अडीच वर्षांच्या नयनला फोनपुढे उभं केलं. तिने बापाला चपलांचा नवा जोड दाखवला. कपिल हसला आणि म्हणाला, "बाबाले मॅच दिसली ना बरोबर?"

पाच मिनिटांत तिसऱ्यांदा त्याने तेच विचारलं, तेव्हा मथुराबाई कौतुकाने म्हणाल्या की पोरगा आनंदाने येडा झाला. प्रेरणाला हसू आलं नाही. सकाळचे दहा वाजले होते आणि खोलीचे पडदे ओढलेले होते. नयनच्या चपला पाहताना कपिलने एक डोळा मिटून घेतला होता.

प्रेरणाचा स्वभावच तसा होता. मूल झोपलं की ती त्याच्या पोटाचं वरखाली होणं बघत बसायची. डी. फार्म. झालेली असल्यामुळे राळेगावच्या बसस्टँडजवळच्या मेडिकलमध्ये सकाळची पाळी करायची, आणि औषध देताना माणसाच्या तोंडाकडे आधी बघायची, चिठ्ठीकडे नंतर. सासूबाई म्हणायच्या, इच्या डोळ्यात तेल घालाची गरजच नाई, देवानंच घालून धाडलं.

कपिल अकरा वर्षं गोव्याच्या क्लबात होता, दुसऱ्या नंबरचा गोलकीपर. पहिला गोलकीपर खेळायचा आणि कपिल बाकावर बसायचा. रोज सगळ्यांबरोबर सराव करायचा, पहिल्याला चेंडू मारून मारून तयार करायचा, आणि सामना सुरू झाला की जाकीट घालून बसायचा. अकरा वर्षांत एकोणीस सामने. गावात कोणी बबनरावांना विचारलं, खेळला का पोरगा, तर पानठेल्यावरून दुसरंच कोणीतरी उत्तर द्यायचं, "बसला होता ना. चांगला बसते तो." बबनराव एसटीत मेकॅनिक म्हणून निवृत्त झालेले. ते म्हणायचे, स्टेपनी रोज लागत नाही म्हणून कोणी ती घरी ठेवून गाडी काढत नाही.

काल मात्र स्टेपनी लागली होती. आशिया खंडातल्या क्लबांच्या स्पर्धेची फायनल होती, समोर जपानी क्लब. अडतिसाव्या मिनिटाला पहिल्या गोलकीपरचा गुडघा गेला आणि कपिल आत आला. त्याने तीन गोल वाचवले. एक्याऐंशीव्या मिनिटाला तो समोरच्याच्या पायात झेपावला, चेंडू घेतला, आणि त्या खेळाडूचा गुडघा त्याच्या कानाच्या वर बसला. मिनिटभर पडून राहिला, मग उठला. क्लब एक शून्याने जिंकला. राळेगावात फटाके फुटले ते प्रेरणाने ऐकलेच नाहीत. ती ते एक मिनिट मोजत राहिली होती.

सोमवारी संध्याकाळी सत्कार ठरला, कपिल गोव्यात म्हणून बबनरावांचा. नगरपंचायतीचे सदस्य भारतभाऊ स्वतः घरी सांगायला आले. चौकात फ्लेक्स लागलाच होता, आशिया खंडाचा विजेता, राळेगावचा ढाण्या वाघ. प्रेरणाने त्यांना समजावून सांगितलं की फायनल अजून व्हायची आहे. ती दोन सामन्यांची असते, एक आपल्याकडे, एक त्यांच्याकडे, आणि दोन्हीकडचे गोल एकत्र धरतात. येत्या शनिवारी जपानमध्ये दुसरा सामना आहे. भारतभाऊंनी चहाची बशी खाली ठेवली.

"वहिनी, फायनल बी कधी दोनदा राह्यते काय? लग्न लागलं का लागलं."

त्यांचंही चूक नव्हतं. राळेगावात कबड्डीची फायनल एका बैठकीत निकालात निघते आणि ढाल त्याच मांडवात दिली जाते. अर्धी फायनल ही गोष्ट तिथे कोणी पाहिलेली नव्हती. बबनरावांना माहीत होतं, पण त्यांनी सुनेकडे बघितलं नाही. शाल, नारळ, फेटा, उघडी जीप, गुलाल, सगळं झालं. दुसऱ्या दिवशी खरी गोष्ट गावभर झाली तेव्हा भारतभाऊ जरासुद्धा ओशाळले नाहीत. मग दुसऱ्यांदा जिंकेल, म्हणाले, आणि शनिवारी पडदा लावायला मंगल कार्यालय ठरवून आले. बबनरावांनी फेटा खुंटीला लावला नाही, कपाटावर तसाच बांधलेला ठेवला.

मंगळवारी अकराच्या सुमाराला मेडिकलमध्ये गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा कपिलचा फोन आला.

"डोकं लय जड हाये. उजेड सहन होत नाई. सकाळी उलटी झाली. कोनती गोळी घेऊ?"

क्लबच्या डॉक्टरांना सांगितलं का, तिने विचारलं. नाही, तो म्हणाला. मॅच संपल्यावर त्यांनी विचारलं होतं, त्याने ठीक आहे म्हणून सांगितलं. पहिल्याचा गुडघा तर सहा महिने गेला. शनिवारी कपिलच खेळणार होता.

"सांगतलं का बसवते. अकरा वर्षं बसलो मी, प्रेरणा. एक मॅच खेळू दे मले."

तिने साधी पॅरासिटामॉल घ्या, दुसरं काही घेऊ नका, असं सांगून फोन ठेवला. दुकानाशेजारच्या दवाखान्यात डॉक्टरांना तिने विचारलं, कोणाचं म्हणून नाही, असंच. ते लिहिता लिहिता म्हणाले की डोक्याला मार लागलेल्या माणसाला पुन्हा मार खायला पाठवायचं नाही. पहिल्या माराने मेंदू दुखावलेला असतो, त्यावर दुसरा हलका जरी बसला तरी काय होईल ते सांगता येत नाही. मग मान वर करून म्हणाले, "कोण आहे?"

"गिऱ्हाईक आहे," ती म्हणाली.

बुधवारी टीम विमानात बसली. तिने स्वतःला सांगून पाहिलं की तो मोठा माणूस आहे, त्याचं शरीर त्याला कळतं. नयनला भरवताना तिचा हात मधेच थांबायचा आणि पोर तोंड उघडं ठेवून वाट बघत राहायची. मामाजींना सांगावं असं तिला दोनदा वाटलं. दोन्ही वेळा सासरे दारात खुर्ची टाकून येणाऱ्याजाणाऱ्याला दोन सामन्यांची फायनल समजावून सांगत होते. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना कोणी विचारत होतं, आणि ते सांगत होते.

गुरुवारी सकाळी जपानहून फोन आला. सराव चांगला झाला, कपिल म्हणाला, गवत गालिच्यासारखं आहे. मग आवाज खाली आणून म्हणाला, "डोकं लय जड हाये. कोनती गोळी घेऊ?"

मंगळवारचं त्याच्या लक्षातच नव्हतं. त्याच्या लेखी तो हे पहिल्यांदा विचारत होता.

तिने तेच उत्तर दिलं. फोन ठेवला, दुकानाच्या मागे जिथे रिकामी खोकी रचलेली असतात तिथे गेली, आणि टीमच्या मॅनेजरचा नंबर लावला. नवऱ्याने कधीकाळी, घरी काही झालं तर असावा म्हणून, दिलेला नंबर. फर्नांडिस सरांनी सगळं ऐकून घेतलं. परवा काय आहे ते तुम्हाला माहीत आहे ना, असं त्यांनी हिंदीत विचारलं. माहीत आहे म्हणूनच फोन केला, ती म्हणाली.

दोन तासांनी कपिलचा फोन आला. तो चिडलेला नव्हता. चिडला असता तर तिला सोपं गेलं असतं.

"तू सांगतलं?"

"हो."

"डोकं तपासाले डॉक्टरनं महिने उलटे सांगाले लावले मले. डिसेंबरपासून. ऑक्टोबरपर्यंत गेलो. मंग काय येते ते आठवेचना." तो थोडा थांबला. "मले इचारलं असतं एकदा."

"विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हटलं असतं."

"हो," तो म्हणाला. पलीकडे कोणीतरी त्याला जेवायला बोलावत होतं. मग फोन बंद झाला.

घरी तिने काही सांगितलं नाही. शनिवारी दुपारी साडेतीनला मंगल कार्यालय भरलं. बायका लग्नाला याव्यात तशा नेसून आल्या होत्या. नवरानवरीच्या लाल खुर्च्यांवर बबनराव आणि मथुराबाईंना बसवलं. प्रेरणा नयनला मांडीवर घेऊन खाली सतरंजीवर बसली, मुद्दाम खांबाला धरून. खेळाडू एका रांगेत बाहेर आले. गोलकीपर दुसराच होता, तिसऱ्या नंबरचा, उंच, बावरलेला.

कपिल कुठी हाये, असं आधी एकाने विचारलं, मग सगळ्या हॉलने. कॅमेरा एकदा बाकावरून फिरला. कपिल जाकीट घालून बसला होता. डोळ्यांवर काळा चष्मा होता, आणि हाताचे दोन्ही पंजे मांड्यांखाली धरलेले. मागून कोणीतरी हळू म्हणालं, बसला वाटते. त्यावर कोणी हसलं नाही. बबनरावांनी फेट्याचं टोक बोटाभोवती गुंडाळलं आणि सोडलं.

पूर्वार्धात जपानी क्लबाने एक गोल केला. दोन्ही सामने मिळून आता बरोबरी झाली होती, आणि आता ते समजावून सांगायची गरज कोणालाच राहिली नव्हती. गेल्या आठवड्यात ज्यांना अर्धी फायनल पटत नव्हती ते बोटांवर गोल मोजत होते. शहाऐंशीव्या मिनिटाला कोपऱ्यातून चेंडू उंच आला. तिसरा गोलकीपर दोन पावलं पुढे गेला, थांबला, मागे वळला. तोवर चेंडू जाळ्यात होता.

पडदा बंद झाल्यावर माणसं बोलत बोलत निघाली. भारतभाऊ खुर्च्या एकात एक घालत होते. ते जे म्हणाले ते राळेगावात पुढे पुष्कळ वर्षं म्हटलं जाणार, हे प्रेरणाला तिथेच कळलं.

"कपिल असता तं तो बॉल आला नसता आत."

मथुराबाई शेजारणींबरोबर पुढे गेल्या. बबनराव लाल खुर्चीवरून उठले नव्हते. त्यांनी सुनेला जवळ बोलावलं.

"तुले माईत हाये काई."

ते विचारणं नव्हतंच. तिने उभ्या उभ्या सगळं सांगितलं, उलटी, गोळी, दुसऱ्यांदा विचारलेली तीच गोळी, दुकानामागून केलेला फोन. नयन तिच्या खांद्यावर झोपली होती. सासऱ्यांनी ऐकताना फेटा उतरवून गुडघ्यावर ठेवला. त्यांच्या कपाळावर त्याचा वळ उठला होता.

"मले सांगतलं असतं तं मी फोन करू देला नसता," ते म्हणाले.

"हो, मामाजी."

त्यांनी गुडघ्यावरचा फेटा काखेत घेतला.

"बरं झालं नाई सांगतलं."

मग उठले, तिच्या खांद्यावरून झोपलेली नात आपल्या खांद्यावर घेतली, आणि भारतभाऊंजवळून जाताना थांबून म्हणाले की डॉक्टरने नको म्हटलं होतं, डोक्याला मार आहे पोराच्या. फोनचं काही बोलले नाहीत. पुढेही कधी, कोणाजवळ, बोलले नाहीत.

कपिल बारा दिवसांनी आला. भारतभाऊ एकटेच स्टँडवर गेले, गुलाल न घेता, आणि त्याची बॅग मोटरसायकलवर घेऊन आले. डॉक्टरांनी हा मोसम मैदानावर पाय ठेवायचा नाही म्हणून लिहून दिलं होतं. कपिल तेहतीस वर्षांचा होता. पुढच्या मोसमाचं कोणी काही लिहिलं नव्हतं.

चार दिवस तो प्रेरणाशी कामापुरतं बोलला. मीठ दे. लाइट बंद कर. पोरगी उठली. ती हो म्हणायची आणि सांगितलेलं करायची.

पाचव्या दिवशी दुपारी तो घराच्या पायरीवर, कडुनिंबाच्या सावलीत बसला होता. नयनने फाटकाजवळून त्याच्याकडे रबरी चेंडू फेकला. अडीच वर्षांच्या मुलीचा चेंडू यावा तसा तो आला, सरळ, हळू, लहान लहान उड्या घेत. कपिलने हात खाली नेला. हात जमिनीला टेकला तेव्हा चेंडू तिथून पुढे गेलेला होता. पायरीला लागून थांबलाही होता.

नयनने टाळ्या वाजवल्या. कपिलने हात तिथेच राहू दिला, तळवा मातीवर पालथा, आणि त्याच्याकडे बघत राहिला.

प्रेरणा दारात तांदळाचं ताट घेऊन उभी होती. त्याने बघायच्या आत तिला घरात जायचं होतं.

"कवाची उभी हायेस?" त्याने मागे न बघता विचारलं.

"आताच आली."

त्याने हात झटकला. मग पायरीवर उन्हाच्या बाजूला सरकला. सावलीतली जागा मोकळी झाली. प्रेरणा ताट मांडीवर घेऊन तिथे बसली आणि तांदूळ निवडू लागली. नयन चेंडू उचलून पुन्हा फाटकाकडे पळाली.